कृतज्ञतेची कीर्द

आपल्याकडे कोणत्याही सार्वजनिक समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन हा विषय अगदी अखेरीस, पसायदानाच्या अलीकडे आणि चहापानाच्या तोंडाशी ठेवण्याचा शिरस्ता आहे. आणि ते कामही बहुधा अशा गृहस्थाकडे सोपविलेले असते की, ज्याला प्रास्ताविक सांगण्याइतका मान नाही, पाहुण्यांचा परिचय करून देण्याइतके वक्तृत्व नाही, परंतु ज्याला अजिबात वगळले तर पुढील वर्षी वर्गणी गोळा करताना अडचण उपस्थित होईल. तो उभा राहतो त्या वेळी मागच्या रांगांतील मंडळी पायांनी चपला चाचपू लागलेली असतात, सतरंज्यांची टोके उचलली जात असतात, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत असतात, आणि हा गृहस्थ खिशातील कागद काढून अध्यक्षांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांची नावे एका दमात वाचून टाकतो व कोणी अनवधानाने राहून गेल्यास रोष नको म्हणून उरलेल्या साऱ्या जगाला 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' या शब्दांत कोंबून मोकळा होतो. वाणिज्य महाविद्यालयात पुस्तपालन शिकविण्यात माझी हयात गेल्यामुळे, 'सर, तुम्ही हिशेबी माणूस, नाव गाळणार नाही,' या सबबीवर असली आभारप्रदर्शने माझ्या वाट्याला पुष्कळ आली. आणि त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, कृतज्ञता व्यक्त करण्याचा सर्वांत निर्धोक आणि सर्वांत निष्फळ मार्ग म्हणजे ती सर्वांविषयी एकदम व्यक्त करणे हा होय.

घरी तर आभार मानण्याची पद्धतच नाही. आईने पान वाढले, थोरल्या भावाने फी भरली, शेजारणीने अडल्या वेळी कुकरभर भात पाठविला, तरी त्याबद्दल तोंडाने काही बोलणे म्हणजे परकेपणा दाखविणे अशी आपली समजूत आहे; एखाद्याने भीतभीत तसे काही म्हटलेच तर 'आभार मानण्याइतके आम्ही लांबचे झालो का?' असा उलट सवाल येतो. या रीतीत एक प्रकारची कुलीनता आहे हे मला मान्य आहे, आणि उठल्याबसल्या आभाराचे शब्द उच्चारणाऱ्या समाजांहून आपण त्यामुळे अधिक रुक्ष ठरतो असेही मला वाटत नाही. परंतु जे उच्चारावयाचे नाही ते हळूहळू आठवावयाचेही नाही असे होत जाते, आणि पन्नाशी उलटल्यावर मनुष्य आपण जे काही झालो ते आपल्याच कष्टाने झालो असे अगदी प्रामाणिकपणे समजू लागतो. स्वकष्टार्जित मिळकत दस्तऐवजात असते. स्वकष्टार्जित मनुष्य मात्र माझ्या पाहण्यात आजवर आलेला नाही.

सेवानिवृत्तीनंतर माळ्यावरील सामान आवरताना वडिलांच्या काही कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, हाती लागल्या. वडील सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या एका आडत पेढीवर दिवाणजी होते. लाल कापडाचा मऊ पुठ्ठा, वरून गुंडाळावयाचा पांढरा दोरा, छापील रेघ नसलेला जाडसर पिवळट कागद, पानाला उभ्या घड्या घालून पाडलेले रकाने. माथ्यावर श्री, त्याखाली मिती आणि तारीख. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. मी विद्यार्थ्यांना जी इंग्रजी पद्धती शिकवीत असे तीत या बाजू नेमक्या उलट असतात, त्यामुळे वडिलांचे पान वाचताना मला ते मनातल्या मनात फिरवून घ्यावे लागते. पानाला नाक लावले तर हळदीचा वास अजून येतो, निदान मला तरी तो येतो. या वह्यांत एक वही कोरी होती. पाडव्याला पूजन होऊन तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिकही उमटलेले होते, परंतु ती वापरात येण्यापूर्वीच पेढीचा सारा हिशेब संगणकावर गेला आणि वडील घरी बसले. ती रद्दीत घालणे जिवावर आले. रोज निजण्यापूर्वी, दिवसभरात आपणांस दुसऱ्याकडून जे मिळाले ते हिच्यात लिहावे, असे तेव्हा मनाने घेतले, आणि तो परिपाठ, काही खंड पडूनही, अद्याप चालू आहे.

कीर्दीचा पहिला कायदा असा की, रक्कम कोणाकडून आली त्याचे नाव असल्यावाचून ती जमा पडत नाही. पेढीवर 'किरकोळ' म्हणून एक खाते असते खरे, पण जाणता दिवाणजी ते फुगू देत नाही, कारण लबाडी आणि आळस या दोघांनाही दडून बसावयास तेवढीच एक जागा असते. माझ्या वहीची पहिली पाने या दृष्टीने तपासली तर ती सारी किरकोळ खात्याचीच ठरतील. 'आज पाऊस समाधानकारक.' 'सायंकाळी घाटावर चित्त प्रसन्न.' 'चहा उत्तम.' अशा नोंदी वाचताना मला माझेच हसू येई. कारण चित्ताच्या प्रसन्नतेला खातेदार कोण, आणि ती जमा करावयाची ती कोणाच्या नावे? 'चहा उत्तम' ही ओळ मी खोडली आणि तिच्या जागी असे लिहिले की, पावसाची झड असताना दूधवाल्या मुलाने फाटकाशी हाक न मारता आत येऊन पातेले झाकून ठेवले. ही नोंद कीर्दीत बसली. तीत इसम आहे, कृत्य आहे, आणि ते कृत्य न करण्याची त्याला पूर्ण मुभा होती ही गोष्टही आहे.

येथे मला जो भेद करावयाचा आहे तो पुष्कळांना केवळ पंडिती वाटेल. सुखाच्या गोष्टींची टिपणे ठेवणे आणि कृतज्ञतेची टिपणे ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संतोष हा एकट्याने अनुभवण्याचा भाव आहे. त्याला समोर कोणी नसले तरी चालते. कृतज्ञतेला दुसरा लागतो, त्याचे नाव लागते, आणि त्याच्याशी आपला काही व्यवहार झाला असून तो अद्याप बेबाक झालेला नाही याची टोचणी लागते. ही टोचणी वगळून उरते ते आत्मरंजन होय, आणि हल्ली कृतज्ञतेच्या नावाखाली ज्या सुबक छापील रोजनिश्या दुकानांत मिळतात, त्यांतील पुष्कळशा आत्मरंजनाच्याच असतात असे मी त्या चाळून पाहिल्यावर म्हणतो.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयात जे प्रयोग केले आहेत त्यांचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या दोघा अमेरिकन संशोधकांनी २००३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी विद्यार्थ्यांचे गट पाडून एका गटास कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी, दुसऱ्यास त्रासदायक गोष्टी आणि तिसऱ्यास नुसत्या घडामोडी आठवड्याच्या आठवड्यास लिहावयास लावल्या होत्या, आणि दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळला. स्नायूंच्या व्याधींनी पीडलेल्या रुग्णांकडून त्यांनी एकवीस दिवस रोज असे लेखन करवून घेतले, तेव्हाही फळ अनुकूलच आले. पुढे मार्टिन सेलिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली निराळा प्रयोग केला: ज्याचे उपकार झाले पण ज्याला ते कधी सांगितले नाहीत अशा माणसास पत्र लिहावे आणि स्वतः जाऊन ते त्याला द्यावे. या भेटीचा आनंद इतर सर्व उपायांहून तत्काळ अधिक भरला, पण काही महिन्यांत तो ओसरला. हे सारे मला विश्वसनीय वाटते. माझी तक्रार एवढीच की, या साऱ्या गणितात लिहिणाऱ्याच्या मनाला काय लाभले हे मोजले जाते, आणि ज्याच्याकडून मूळ लाभ झाला तो धनको हिशेबात कोठेच येत नाही. देणेकऱ्याला झोप चांगली लागली म्हणून देणे फिटले असे कोणत्याही पेढीवर मानीत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार ऋणाच्या परिभाषेत केला, हा मला त्यांचा व्यवहारीपणा वाटतो. ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणको असतो असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांच्या ऋणाची चौथी भर घातली आहे. ध्यानात घेण्यासारखे हे की, यांपैकी एकाही ऋणाची फेड शब्दांनी होत नाही. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, पितरांचे प्रजेने, आणि मनुष्यांचे ऋण आल्यागेल्याला आसरा व अन्न देऊन. सगळीकडे काही करावे लागते. शेतकऱ्याचेही तेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी करतात. वर्षभर जुवाने घासून ज्या जागेवरचे केस गेलेले असतात आणि कातडे राठ झालेले असते, नेमक्या त्याच जागेवर तूप आणि हळद यांचे मर्दन करतात. शिंगे रंगविणे, झूल घालणे, वाजंत्री लावून मिरविणे हे दुसऱ्या दिवशीचे आणि गावाला दाखविण्याचे. पण आदल्या दिवशी गोठ्यात होणारी ती खांदमळणी मला अधिक थोर वाटते, कारण तीत उपकार कोणता झाला आणि तो शरीराच्या कोणत्या जागेने केला याची चोख जाणीव आहे.

ग्रंथकारांतही अशी चोख नोंद करणारे विरळाच. ज्ञानदेवांच्या ग्रंथाची अखेर पाहावी. विश्वात्मक देवापाशी साऱ्या जगासाठी मागणे मागून झाल्यानंतरही ग्रंथ तेथे संपत नाही. शके १२१२ हे साल येते, गोदावरीचा तीर येतो, रामदेवराव यादवाचे नाव येते, आणि ज्याने बसून तो ग्रंथ उतरून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचेही नाव आदराने येते. एवढ्या उंचीवर गेलेल्या प्रतिभेला लेखनिकाचे नाव विसरण्याची सोय सहज होती. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःपुरते जे चिंतन ग्रीक भाषेत लिहून ठेवले, त्याच्या बारा भागांपैकी पहिला संपूर्ण भाग अशाच जमेच्या बाजूचा आहे: आजोबांपासून काय मिळाले, आईपासून काय मिळाले, अमुक गुरूपासून काय मिळाले. रस्टिकस नावाच्या गुरूने आपल्या संग्रहातील एपिक्टेटसच्या प्रवचनांची प्रत वाचावयास दिली, ही गोष्टही त्या साम्राज्याच्या धन्याला नोंदवावीशी वाटली. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम होता.

तथापि कृतज्ञतेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. खाल्ल्या मिठाला जागावे ही शिकवण ज्यांचे मीठ खाल्ले जाते त्यांनीच बहुधा दिलेली असते, आणि तिच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या माणसे फुकट राबविली गेली आहेत. गावगाड्यातील बलुतेदार सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन धान्याचा वाटा नेत, तो वस्तुतः वर्षभराच्या कामाचा मोबदला होता. पण तो अशा रीतीने हातावर घातला जाई की देणारा दाता ठरावा आणि घेणारा उपकृत. महार वतनाच्या नावाखाली थोड्याशा जमिनीच्या आणि मूठपसा धान्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या वेठीला जुंपले जाते, हे ओळखूनच डॉ. आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. आणि ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मोबदल्याच्या जागी आभार देणे ही खोड अद्याप गेलेली नाही. २०२० च्या मार्चमध्ये एका सायंकाळी आपण सर्वांनी गच्चीवर उभे राहून वैद्यकीय सेवकांसाठी थाळ्या वाजविल्या, मीही वाजविली. आणि पुढल्याच वर्षी आमच्या राज्यातील आशा सेविकांना मानधनासाठी संपावर जावे लागले. जेथे वेतन देणे आहे तेथे वेतनच द्यावे. वहीत पगाराची थकबाकी कृतज्ञतेच्या खात्याला वळविता येत नाही; ज्याने वळविली तो दिवाणजी लबाड समजावा.

कीर्दीत मागील बाकी ओढावी लागते, तशी मी काही जुनी देणीही उतरून घेतली आहेत. त्यांतील एक २०१९ च्या ऑगस्टातील आहे. कृष्णेचे पाणी त्या वर्षी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढले, म्हणजे ४५ फुटांची धोक्याची पातळी पुष्कळच मागे पडली, आणि आमचा तळमजला बुडून पाणी जिन्याच्या अर्ध्यावर उभे राहिले. तिसऱ्या प्रहरी एक नाव आली. तीत तीन तरुण होते. कोणत्या गावचे ते आम्हांला कळले नाही. आई तेव्हा हयात होती, तिला चालवत नव्हते. त्यांच्यापैकी एकाने सज्जाच्या गजाला खांदा देऊन नाव घट्ट धरून ठेवली, दोघांनी आईला खुर्चीसकट उतरवून घेतले, आणि तिची औषधांची पिशवी भिजू नये म्हणून त्या पहिल्याने ती बंदासकट आपल्या गळ्यात अडकविली. पाणी संपून डांबरी रस्ता लागला तेथे आम्हांला उतरवून ते आल्या पावली परत फिरले. नाव विचारावे हे कोणालाच सुचले नाही; त्या वेळी सुचणेही शक्य नव्हते. आता ही रक्कम कोणाच्या खाती जमा करावयाची? ज्याचा धनी ठाऊक नाही अशी रक्कम हिशेबात उचंत खात्याला टाकतात आणि धनी सापडेपर्यंत ती वर्षानुवर्षे पुढे ओढतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तो पहिल्याइतका चढला नाही, तेव्हा आमच्या माडीवर पलीकडल्या गल्लीतील दोन बिऱ्हाडे येऊन राहिली. त्यांना जागा दिली ती मी उचंत खात्याच्या समोर, उजव्या बाजूला लिहिली. रक्कम जुळत नाही, पण तिला तेवढे एकच घर होते.

कीर्द झाली की खतावणी आली. पाडव्याच्या सुमारास मी सवडीने प्रत्येक नोंद ज्याच्या-त्याच्या खाती उतरून काढली, आणि तेव्हा जे चित्र दिसले ते मला शिकविण्याच्या चाळीस वर्षांत कोणत्याही ताळेबंदाने दाखविले नव्हते. ज्यांनी एखादे वेळी काही केले त्यांची खाती भरघोस होती: स्टेशनवर सामान उचलू लागलेला विद्यार्थी, चष्म्याची काडी फुकट बसवून देणारा दुकानदार, रांगेत पुढे जाऊ देणारे कोणी अनोळखी गृहस्थ. जी माणसे रोज करतात त्यांच्या खात्याला जेमतेम चार ओळी. कारण साधे आहे. नित्याची गोष्ट दिसत नाही, म्हणून ती कीर्दीत चढत नाही. आमच्या गल्लीत पहाटे पाणी सोडणारा मनुष्य लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलच्या नळीला बांधून येतो, कोपऱ्यावरील खड्ड्याचे झाकण पायाने सरकवितो, चावी खाली सोडून दोन्ही हातांनी फिरवितो, आणि नळाला हवेचा फुसकारा येऊन मग पाणी येते. मी त्या वेळी जागा असतो. एवढ्या वर्षांत त्याची पहिली नोंद पडली ती तो आजारी पडून पाणी आले नाही त्या दिवशी. आमच्या सौभाग्यवतींच्या खात्याचीही हीच अवस्था होती, आणि ते मी त्यांना मोठ्या गांभीर्याने सांगावयास गेलो, तेव्हा त्यांनी पोळी तव्यावरून न हलविता उत्तर दिले, "अहो, ते लिहिणं राहू द्या, आधी गॅसचा नंबर लावा." मी नंबर लावला आणि तो उजव्या बाजूला लिहिला.

तेव्हापासून मी वहीचा क्रम थोडा बदलला आहे. आज कोणी काय दिले हे लिहून झाल्यावर, आज कोणाचे नाव आले नाही हे पाहतो. पाणी सोडणाऱ्याचे नाव मी विचारून घेतले; ते सांगताना त्याला थोडा संशय आला, कारण महापालिकेच्या माणसाचे नाव नागरिक विचारतो तो तक्रार करावयाची असली तरच. उजवी बाजू मात्र अजूनही पुष्कळ कोरी आहे. तिच्यात ज्या नोंदी आहेत त्यांत सर्वाधिक पत्रांच्या आहेत: शाळेतील गणिताच्या मास्तरांना, जे आता नव्वदीच्या घरात आहेत, वडिलांच्या पेढीवरील एका हमालाच्या मुलाला, ज्याच्या बापाने मला लहानपणी हळदीच्या पोत्यांवर बसवून पाढे म्हणावयास लावले होते. काहींचे उत्तर येते, काहींचे येत नाही, आणि दोन पत्रे 'मयत' असा शेरा होऊन परत आली. ती मी वहीतच ठेवली आहेत.

ज्या वाचकांना अशी वही धरावीशी वाटेल त्यांना माझी विनंती एवढीच की, डावे पान भरण्याची घाई करू नये, आणि ज्या माणसाचे नाव हे वाचताना मनात आले असेल त्याचा पत्ता आजच शोधावा. पोस्टकार्ड टपाल कचेरीत अद्याप मिळते.